उदाहरण चौदावे, मिरज यार्ड

घर्षण उपेक्षणीय माना, असं पुस्तकात लिहिलंय.
मानते.
हवेचा विरोध नाही. मानते.
रूळ सपाट, सरळ, कुठंच न संपणारे. बरं.
वीस टनांचा डबा सेकंदाला दीड मीटर वेगानं येतो,
उभ्या असलेल्या तीस टनांच्या डब्याला धडकतो
आणि दोघं जोडून पुढं जातात.
सामाईक वेग काढा.

क्वार्टरच्या खिडकीतून यार्ड दिसतं.
रात्री साडेबाराला तिथं हेच उदाहरण चाललेलं असतं,
फक्त आकडे कुणी सांगत नाही.
इंजिन ढकलून सोडून देतं, डबा एकटाच येतो
अंधारातून, दावं तुटलेल्या म्हशीसारखा,
मग ढाण्ण,
आणि ताकाच्या पातेल्यावरचं झाकण
जरा वेळ बोलत राहतं.
आमच्या घरात कुणी दचकत नाही.
आवाज आला नाही तर मात्र आई उठून बसते.

संवेग आधीचा, संवेग नंतरचा.
वीस गुणिले दीड, तीस. भागिले पन्नास.
शून्य पूर्णांक सहा. मागच्या पानावरही शून्य पूर्णांक सहा.
खाली दोन रेघा मारल्या.
मग उपप्रश्न: गतिज ऊर्जेत किती घट झाली?
आधी बावीस हजार पाचशे ज्यूल,
नंतर नऊ हजार.
तीनदा केलं. साडेतेरा हजार गेले ते गेलेच.
कुंभोजकर सर म्हणायचे, ऊर्जा अक्षय्य असते,
पण तिला वेश बदलायची खोड आहे.
कुठला वेश, ते सांगायच्या आत
तास संपला होता.

बाबा पहाटे आले.
ग्रीसचे हात धुवायला त्यांना आधी रॉकेल लागतं,
मग साबण, मग पुन्हा रॉकेल.
मी वही पुढं धरली. हात मागं बांधून, वाकून वाचली त्यांनी.
"तीस टन म्हंजे अर्धवट भरलेला. काय होतं त्यात?"
पुस्तकात दिलेलं नाही, बाबा.
"हळद आसंल."
थोडं थांबून, "आन् ह्ये उपेक्षणीय म्हंजे?"
म्हणजे असतं, पण धरायचं नाही.
"असतं, पण धरायचं न्हाई," त्यांनी एकदा म्हणून बघितलं,
नट बसतोय का बघावा तसं,
आणि चहा मागितला.

साडेतेरा हजार कुठं गेले, विचारलं
तर पगारातून काही कापलं गेल्यासारखा विचार केला त्यांनी.
"आवाज झाला न्हवं? त्यात गेलं थोडं.
बाकीचं बफरात. जोड झाल्यावर हात लावून बग,
थंडीतबी कोमट लागतोय."

तेही मी नंतर मांडलं.
शंभर किलो पोलाद, सगळी ऊर्जा उष्णतेत गेली असं धरून:
तापमानवाढ एक तृतीयांश अंशाहून कमी.
हाताला कळणार नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
पौषातल्या रात्री तीन वाजता
यार्डात हात लावायला दुसरं काय असतं?

दस्तगीरचाचा चहा प्यायला येतात
तेव्हा कप तीन बोटांनी धरतात.
दोन बोटं जोडणीच्या वेळी राहिली, सहा नंबरच्या लाइनीवर.
त्या उदाहरणात काय दिलं होतं, काय काढायचं होतं,
मला अजून मांडता येत नाही.
ते स्वतः म्हणतात, "डबा लई हळू आला होता गं."

नववीत शिकलेलं: विस्थापन शून्य, तर कार्य शून्य.
म्हणजे आठ तास बत्ती धरून उभं राहणं
शून्य.
वर्गात सगळ्यांबरोबर मीही हसले होते,
कारण सरांनी त्या वेळी भिंत ढकलून दाखवली होती.

आता बाबा झोपलेत, तोंडावर टॉवेल.
दुपारची मालगाडी फोडायला घेतली असावी;
पहिली टक्कर झाली, झाकण बोललं
आणि बाबांचा उजवा हात झोपेतच
चार बोटं वर उचलला गेला,
क्षणभर राहिला, पडला.

उंची साधारण सात सेंटिमीटर.
हाताचं वस्तुमान दिलेलं नाही.

पंधरावं उदाहरण दोन गोळ्यांचं आहे.
गोळे गुळगुळीत आहेत.